बेचाळिसावी प्रत

५ जानेवारी, सोमवार

वकीलबाईंनी सांगितलं म्हणून ही वही. "जे आठवेल ते तारखेनिशी लिहून ठेवा, अपिलाच्या वेळी कामाला येतं," असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. त्या म्हणाल्या, "सगळ्यांना तसंच वाटतं." बाई तिखट आहेत. मला तिखट माणसं चालतात, फक्त ती माझ्या बाजूची असावीत.

तर हकिकत अशी. पेटंट कार्यालयाने माझा अर्ज फेटाळला. सहा वर्षं ताटकळत ठेवलं आणि सव्वादोन पानांत वाटेला लावलं. "यात नवीन काही नाही," म्हणे.

माझं काम समजायला अवघड नाही. विजेच्या मीटरमध्ये नखाएवढी मेमरी असते. ती म्हणजे क्रमांक घातलेल्या खणांची एक रांग समजा. एखादी नोंद वाढली की तिच्या खणात मावत नाही, तिला दुसरीकडे हलवावं लागतं. पण बाकीच्या दहा नोंदींकडे तिचा जुनाच पत्ता असतो. सगळ्यांचे पत्ते एकदम बदलत बसलं तर मीटर तेवढा वेळ अडून राहतो. माझी युक्ती अशी, की जुन्या खणात नव्या पत्त्याची चिठ्ठी ठेवायची आणि चिठ्ठीवर एक आकडा, अजून कितीजण यायचे आहेत तो. जो शोधत येईल तो चिठ्ठी वाचेल, आपल्याकडचा पत्ता दुरुस्त करेल आणि आकडा एकाने कमी करेल. सगळे येऊन गेले की चिठ्ठी काढायची, खण मोकळा. एवढंच. पण हे एवढंच कोणाला सुचलं नव्हतं.

कार्यालयाने माझ्या विरोधात दोन कागद काढलेत. पहिला एका बड्या कंपनीचा आहे. त्यात चिठ्ठी आहे पण आकडा नाही, त्यामुळे त्यांची चिठ्ठी जन्मभर खण अडवून बसते. तो आपण सहज उडवू, असं वकीलबाई म्हणतात. दुसरा मात्र घशात अडकला आहे. एकोणीस वर्षांपूर्वीचं, टाइप करून प्रती काढलेलं बावीस पानी टिपण. वर फक्त "सायंवर्ग, टिपण सात" आणि संस्थेचं नाव, लिहिणाऱ्याचा पत्ता नाही. आणि पान चौदावर चिठ्ठी, आकडा, सगळं आहे.

कुठल्याशा संध्याकाळच्या वर्गाचा कोणी मास्तर. माझ्या आयुष्याच्या कमाईवर येऊन बसला. आकृत्यासुद्धा कशा, बाण सगळे उजवीकडून डावीकडे जाणारे. मास्तर डावखुरा असणार.

मीटरच्या कंपनीत मी एकतीस वर्षं काढली. तिथे सात वेळा असं झालं, की काम माझं आणि कागदावर नाव साहेबांचं. साहेब पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "आपण काय वेगळे आहोत का?" वेगळे नव्हतो, मग एकदा तरी माझं नाव घालायचं होतं. नोकरी संपल्यावर हे एक मी स्वतःच्या नावाने दाखल केलं. हे मी सोडणार नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

मास्तरच्या टिपणाच्या झेरॉक्सचे तुकडे करून एका मोठ्या कागदावर चिकटवायचे होते. समोरासमोर ठेवून फरक शोधायचा. हिच्या खणातली कात्री काढली. कापत नाही. कागद नुसता चघळते. ही गेल्याला चार वर्षं झाली, तेव्हापासून घरातलं एकही हत्यार धड चालत नाही. कात्रीला धार लावून आणायला हवी.

शेवटी पट्टीवर धरून कागद फाडले. वेडेवाकडे फाटले.

१४ जानेवारी, बुधवार

वकीलबाईंना प्रतिज्ञापत्रासाठी हवं आहे की मला ही कल्पना केव्हा, कशी सुचली. नीट आठवून लिहितो.

बारा वर्षांपूर्वी आम्ही घर बदललं. जुनं घर इथून चार गल्ल्या पलीकडे होतं. तेव्हा कंपनीत मेमरीच्याच प्रश्नाने डोकं खाल्लं होतं. नवीन घरात आल्यावर पाचव्या दिवशी संध्याकाळी मी सवयीने जुन्याच घरी गेलो. किल्ली लागेना म्हणून चिडलो, आणि मग दारावरची चिठ्ठी दिसली. हिच्या अक्षरात नवा पत्ता होता. खाली लिहिलं होतं, "उजवीकडे वळून चौथी गल्ली. जेवण गरम आहे." कोपऱ्यात चार, तीन, दोन असे आकडे एकाखाली एक लिहून खोडलेले आणि शेवटी एक. काही हिशेब केला असेल. हिला हाताला येईल त्या कागदावर हिशेब करायची सवय होती.

तिथे, त्या दाराशी, मला ते सुचलं. अक्षरशः पायरीवर बसलो. पंधरा मिनिटं तरी बसलो असेन.

घरी आलो तर ही दारात उभी. म्हणाली, "आलात? चिठ्ठी काढून आणलीत का?" मी म्हटलं, मी कशाला काढू? ती हसली. जेवताना ती काहीतरी सांगत होती, पण माझ्या डोक्यात हेच घोळत होतं, त्यामुळे लक्ष नव्हतं. माणसाला काही सुचलेलं असताना त्याच्याशी बोलू नये हे तिला कधी कळलं नाही.

आणखी एक आठवलं. सहा वर्षांपूर्वी अर्ज लिहून झाला तेव्हा मी तो तिला वाचून दाखवला होता. तेव्हा ती बरी होती. पूर्ण ऐकून तिने एवढंच विचारलं, "चिठ्ठी कधी काढायची ते लिहिलंत का?" नव्हतं लिहिलं. मग तो आकड्याचा भाग मी घातला, आणि आता सगळं अपील त्या भागावरच उभं आहे. तिने सहज विचारलं होतं, पण बरं झालं विचारलं. हे प्रतिज्ञापत्रात घालायची गरज नाही.

१८ जानेवारी, रविवार

मुलगी जेवायला आली होती. येताना भाजी घेऊन आली, मला भाजी निवडता येत नाही असा तिचा समज आहे. टेबलावर माझा चिकटवलेला मोठा कागद पसरलेला होता. ती उभ्याउभ्याच वाचायला लागली आणि वाचता वाचता खुर्चीवर बसली. पान चौदाच्या आकृतीवर बोट ठेवून बराच वेळ बसून राहिली. आकृतीत मास्तरने खणाऐवजी चक्क दार काढलंय, कडी-कोयंड्यासकट. मी म्हटलं, बघ, याला पेटंट कार्यालय शास्त्र म्हणतं.

ती म्हणाली, "बाबा, तुम्ही हे नीट वाचलंत?"

"मला हवं तेवढं वाचलंय. बाकीचं वकीलबाई वाचतात."

"सगळं वाचा ना एकदा. पहिल्या पानापासून."

मुलगी दातांची डॉक्टर आहे. तिला यातलं काय कळतं? मी तसं म्हटलं नाही, पण चेहऱ्यावर आलं असावं. मग मधेच तिने विचारलं, "आई संध्याकाळची शिकवायला कुठे जायची, आठवतं तुम्हाला?" नदीपलीकडे कुठेतरी, मी म्हटलं. तीन-चार वर्षं जात होती, मग बंद केलं. का बंद केलं ते विचारायचं राहून गेलं. मुलगी म्हणाली, "मला माहीत आहे का बंद केलं ते." आणि उठून भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती. मी म्हटलं, काय झालंय? म्हणाली, काही नाही.

चहाला थांबली नाही. हिच्यासारखीच आहे, मनातलं बोलून मोकळी होत नाही. मग माणसाला कसं कळायचं?

२ फेब्रुवारी, सोमवार

प्रतिज्ञापत्रावर सही केली. "सदर टिपण मी अर्ज करण्यापूर्वी कधीही पाहिलेलं नाही, त्याविषयी ऐकलेलं नाही." सही ठसठशीत आली आहे.

वकीलबाईंचा डाव आता पक्का झाला. टिपणात काय आहे यावर भांडायचंच नाही. ते टिपण कोणाच्या हाती लागणं शक्य होतं का, यावर भांडायचं. लिहून नुसतं कपाटात ठेवलेली गोष्ट जगाला माहीत झाली असं धरत नाहीत. संस्थेने हल्ली हल्ली जुने कागद स्कॅन करून ठेवले, तिथून कार्यालयाला ते सापडलं. त्याआधी ते कोणी वाचलंच नव्हतं असं दिसलं, की दोन क्रमांकाचा कागद बाद. "म्हणजे ते टिपण वाया गेलेलं होतं, एवढं आपल्याला दाखवायचंय," त्या म्हणाल्या. मला हे फार आवडलं. मास्तरशी बरोबरी करण्यापेक्षा हे चांगलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज आनंदाचा दिवस.

पूल ओलांडून त्या संस्थेच्या ग्रंथालयात गेलो. दोन मजली इमारत, जिन्याचा कठडा हात लागून गुळगुळीत झालेला, वाचायच्या खोलीत सहा लांब टेबलं. ग्रंथपाल पन्नाशीच्या बाई आहेत, चष्मा डोक्यावर आणि दुसरा गळ्यात. मी कशासाठी आलोय ते सांगितलं. त्यांनी आतून टिपण आणून दिलं. कोरं करकरीत. मागे नोंदीचा कागद चिकटवलेला, कोणी कधी नेलं ते लिहायचा. त्यावर एकही नाव नाही. एकोणीस वर्षांत एक नाव नाही. मी त्याचे चार बाजूंनी फोटो काढले. यादीतही ते कधी चढवलेलं नव्हतं, ग्रंथपालांनी तसं लेखी दिलं.

"मास्तरांनी भलतेच कष्ट घेतले म्हणायचे," मी म्हटलं.

"मास्तर नाही हो, बाई होत्या. स्वतः आणून ठेवून गेल्या. वर्ग बंद झाल्यावरही महिन्यातून एकदा यायच्या. कोणी नेलं का, विचारायच्या. मी नाही म्हटलं की म्हणायच्या, असू दे, कोणाला तरी लागेल."

"नाव काय त्यांचं?"

"विसरले बघा. इतकी वर्षं झाली. शांत होत्या फार. अलीकडे येत नाहीत."

परत येताना पुलावर जरा थांबलो. पाणी अगदीच कमी झालं आहे. अपील खिशात आहे असं समजायला हरकत नाही. वकीलबाईंना फोन केला तर त्याही खूश झाल्या.

११ फेब्रुवारी, बुधवार

लिहिण्यासारखं काही नाही. ती बाई दर महिन्याला जिना चढून विचारायला यायची, हे मात्र डोक्यातून जात नाही. वकीलबाईंना म्हटलं तर म्हणाल्या, त्याचा आपल्याला फायदाच आहे.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी कात्री घेऊन कोपऱ्यावरच्या धारवाल्याकडे गेलो. त्याने कात्री हातात घेतली, उघडझाप केली, बोट फिरवून बघितलं, आणि परत दिली.

"हिची धार कुठे गेलीय? चांगली आहे की."

"कापत नाही."

"तुमच्या हातात नाही कापणार, साहेब. ही डावऱ्या हाताची कात्री आहे. पाती उलटी असतात. घरात डावखुरं कोण आहे?"

मी त्याला काय सांगितलं ते आठवत नाही. घरी आलो. टेबलावरचा कागद बघितला. सगळे बाण उजवीकडून डावीकडे. दाराची कडी डाव्या बाजूला. अठ्ठावीस वर्षं मी जेवताना तिच्या डाव्या हाताच्या बाजूला बसायचो नाही, कोपराला कोपर लागतो म्हणून. तिला शाळेत मारून उजव्या हाताने लिहायला लावलं होतं, पण जेवायला, चित्र काढायला आणि कापायला डावाच हात. हे सगळं मला माहीत होतं.

मग कपाटाच्या तळाशी माझी एक फाइल आहे ती काढली. तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिलंय, "नंतर". नंतर वाचायचे कागद मी तिच्यात टाकत आलो. जाहिरातीची पत्रकं, एक जुनं कॅलेंडर, कंपनीचे अहवाल, आणि त्यांच्या मधोमध "सायंवर्ग, टिपण सात". पिन गंजून कागदाला चिकटली होती. कोणी उघडलं असतं तर अशी चिकटली नसती.

मुखपृष्ठाच्या आत लिहिलं होतं. ती लिहायची तशी, जरा उजवीकडे कललेली अक्षरं.

"बेचाळीस प्रती काढल्या. चाळीस वर्गात वाटल्या, एक ग्रंथालयात ठेवली. ही बेचाळिसावी, तुमची. सवड मिळाली की वाचून सांगा कसं झालंय."

खाली तारीख. एकोणीस वर्षांपूर्वीची.

सगळं वाचलं. पहिल्या पानापासून. पान तेरावर उदाहरण आहे. "समजा, एक कुटुंब घर बदलतं. त्यातल्या एका माणसाला कामातून मान वर करायची सवय नाही. तो संध्याकाळी नक्की जुन्याच घरी जाणार. त्याला रागावून उपयोग नाही. त्याच्यासाठी दारावर चिठ्ठी ठेवावी." आम्ही घर बदललं त्याच्या सात वर्षं आधी तिने हे लिहिलं होतं. वर्गातल्या मुलांना हसू आलं असेल. आणि पान चौदावर, "जितके यायचे तितका आकडा चिठ्ठीवर लिहावा. एकेक येऊन गेला की आकडा कमी करावा. जो शेवटी येईल त्याने चिठ्ठी काढून टाकावी."

चार, तीन, दोन, एक. दूधवाला, पेपरवाला, पोस्टमन आणि मी. ती रोज चार गल्ल्या चालत जाऊन आकडा खोडून येत होती. आणि मी पायरीवर बसून मला काय सुचलं, काय सुचलं, म्हणत होतो.

मला काहीही सुचलं नव्हतं. तिने लिहून दारावर लावलं होतं ते मी वाचलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मुलीच्या दवाखान्यात गेलो. दोन पेशंट होते, ते होईपर्यंत बाहेर बाकावर बसलो. टिपण तिच्या पुढ्यात ठेवलं. तिने आतलं पान वाचलं. तिने ही प्रत कधी पाहिली नव्हती. हातमोजे काढले आणि तोंडावर हात धरून बसली.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"त्या रविवारीच ओळखलं. लहानपणी मला शिकवायला ती अशीच दारं काढायची. कडी उलट्या बाजूला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"ते टिपण मी त्या दिवशीच पहिल्यांदा पाहिलं. पण कल्पना तिची आहे हे मला तुम्ही अर्ज केलात तेव्हापासून माहीत होतं. मी तिच्याशी भांडले होते, बाबा. म्हटलं, हे तुझं आहे, तू सांगत का नाहीस. ती म्हणाली, त्यांच्या साहेबाने त्यांना सात वेळा पुसून टाकलंय, आता मी आठवी नको. एकदा तरी त्यांना स्वतःचं असं काही वाटू दे. माझ्याकडून शब्द घेतला. म्हणाली, वाचतील कधीतरी."

"आणि शिकवणं का बंद केलं?"

मुलीने हातमोजे कचऱ्यात टाकले. मग म्हणाली, "तुम्हीच म्हणाला होतात. संध्याकाळी घरी आल्यावर घर रिकामं असतं, बरं वाटत नाही."

असं मी म्हटलं असेन. मला आठवत नाही. न आठवणं हे काही उत्तर नाही, हे मला कळतं. मी तिथे दवाखान्यात रडलो. ती दाराला कडी लावून शेजारी येऊन बसली.

साहेबांना मी एकतीस वर्षं शिव्या दिल्या.

२३ फेब्रुवारी, सोमवार

वकीलबाईंना टिपण दाखवलं. त्यांनी आतलं पान दोनदा वाचलं, पेन खाली ठेवलं.

"चाळीस जणांना वाटलंय. म्हणजे जगाला माहीत झालं. आपलं अपील संपलं."

"हो."

"आणि तुमचं प्रतिज्ञापत्र खोटं ठरतं."

"ते मी दुरुस्त करून देतो. लिहिताना मला खरंच वाटत होतं."

त्यांनी टिपण मिटलं. मग नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाल्या, "हे मी पाहिलं नाही असं मला करता येणार नाही. पण तुम्हाला तोंडघशी पडायची गरज नाही. अपील मागे घ्या. एका ओळीचं पत्र द्यायचं. कारण कोणी विचारत नाही. टिपण पुन्हा घरी जाईल."

"कारण विचारत नाहीत, म्हणजे ते टिपण कोणी लिहिलं तेही कुठे येणार नाही?"

"नाही येणार."

"मग मागे घ्यायचं नाही. मला उभं राहून हरायचंय."

"असं काही नसतं हो अपिलात."

"तुम्ही उभ्या राहा. मग मला दोन मिनिटं द्या."

त्या म्हणाल्या, इतक्या वर्षांत त्यांनी हरण्यासाठी तयारी कधी केली नव्हती. चहा मागवला. चहा आल्यावर विचारलं, "कशा होत्या त्या?" डावखुऱ्या होत्या, एवढं म्हणालो.

२५ फेब्रुवारी, बुधवार

सुनावणी झाली. लांब टेबलामागे तिघं, मधे अध्यक्षबाई. समोर पेटंट कार्यालयाचा माणूस त्याच्या फायलींसह. मुलगी मागच्या रांगेत बसली होती, दवाखाना बंद ठेवून.

वकीलबाईंनी उभं राहून सांगितलं की अर्जदाराला स्वतः काही निवेदन करायचं आहे. कार्यालयाच्या माणसाने कान टवकारले. मी टिपण पुढे ठेवलं आणि म्हणालो, की हे कोणी वाचलं नाही असं आम्ही म्हणत आलो, ते चूक आहे. चाळीस विद्यार्थ्यांना ते शिकवलं गेलं. हे टिपण माझ्या पत्नीने लिहिलं. मग मी तिचं पूर्ण नाव घेतलं. टंकलेखकाने हिज्जे विचारले, तेही सांगितले.

अध्यक्षबाईंनी आतलं पान वाचलं. शेजारच्या दोघांकडे सरकवलं. मग मला विचारलं, "ही प्रत आपल्याकडे कधीपासून आहे?"

"एकोणीस वर्षं."

"आणि आपण ती वाचली कधी?"

"गेल्या गुरुवारी."

कार्यालयाच्या माणसाला उत्तर द्यायची पाळी होती. तो उठला, म्हणाला, "आम्हाला काही सांगायचं नाही," आणि बसला. त्याने फाइल बंद केली, तीही आवाज न करता. माझा त्याच्यावर इतके दिवस फार राग होता.

खाली आल्यावर मुलीने माझा हात धरून रस्ता ओलांडला. मला रस्ता ओलांडता येत नाही असा तिचा समज आहे. या वेळी बरोबर होता.

८ एप्रिल, बुधवार

निकाल आला. अपील फेटाळलं. सात पानं आहेत. सहाव्या पानावर लिहिलंय, की प्रस्तुत पद्धत श्रीमती अमुक यांनी अर्जाच्या तेरा वर्षं आधी लिहून चाळीस विद्यार्थ्यांना शिकवली होती, सबब ती अर्जदाराची नाही. अमुक मी लिहिलं, निकालात तिचं पूर्ण नाव आहे. छापील.

तो परिच्छेद कापायचा होता. कात्री डाव्या हातात धरली. रेघ वाकडी गेली, पण कापलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्या कात्रीने कागद कापला.

फोटोच्या चौकटीत घालावं असं आधी वाटलं. मग तिच्या टिपणात, पान चौदाला ठेवलं. तिला भिंतीवर काही लावलेलं आवडायचं नाही.

११ एप्रिल, शनिवार

ग्रंथालयात गेलो. ग्रंथपालांना म्हटलं, ते टिपण घरी न्यायचंय. त्यांना आश्चर्य वाटलं. मागच्या कोऱ्या कागदावर त्यांनी माझं नाव लिहिलं, तारीख घातली. पहिलं नाव.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "त्या बाई पुन्हा कधी आल्या तर सांगेन, कोणीतरी नेलं म्हणून."

सांगायला तोंड उघडलं होतं. मग म्हटलं, "हो, सांगा."

आता घरी टेबलाशी बसलोय. दोन्ही प्रती समोर आहेत. तू लिहिलं होतंस, सवड मिळाली की वाचून सांगा कसं झालंय. तर सांगतो.

पान नऊवर, तिसऱ्या ओळीत पाचच्या जागी सहा हवा. टाइप करताना झालं असेल. पान अकरावरची आकृती माझ्यासारख्या उजव्या माणसाला समजायला वेळ लागतो, पण एकदा समजली की विसरत नाही. पान तेरावरचं उदाहरण फार छान आहे. तो माणूस हुबेहूब उतरलाय, तरी तू त्याची कुठेही चेष्टा केली नाहीस. मी केली असती. बाकी कुठे बोट ठेवायला जागा नाही. माझ्या सगळ्या आयुष्यात मी इतकं नीटनेटकं काम केलेलं नाही, आणि हे मी तेव्हाच वाचलं असतं तरी कबूल केलं असतं का, ते मला माहीत नाही.

पान चौदावर तू म्हटलंयस, जो शेवटी येईल त्याने चिठ्ठी काढावी. शेवटचा मीच राहिलो होतो, तो आता आलो. पण चिठ्ठी मी काढणार नाही.